अर्ध्या मिशीची पैज

“अर्धी मिशी,” अल्लाबक्ष म्हनाला. “सगळी न्हाई. सगळी काढली तर लोकं म्हनतील याचा बाप गेला. अर्धीच. आनि ती बी भर बाजारात.”

“कबूल,” मी म्हनलं.

मी तवा गोरक्षनाथ न्हाव्याच्या लिंबाखाली खुर्चीत बसलेलो. एका गालाला साबन, दुसरा गाल साफ. गोरक्षनाथाचा वस्तरा हवेतच थांबला. “मच्छिंद्रा, इचार कर,” म्हनाला. कारन माझी मिशी म्हंजी करंजीच्या घाटापासून तिसगावपर्यंत नाव हुतं तिचं. सायकलच्या हँडलावानी दोनी टोकं वर. माझं दुकान बी सायकलचंच. पंक्चर काढायचं, भाड्यानं सायकली द्यायच्या, आनि उरल्या येळात लोकांच्या खोड्या काढायच्या.

या खोड्यांत माझा जोडीदार कारभारी. एकदा आमी तलाठ्याची सायकल पिंपळाच्या फांदीला टांगली. तलाठी खाली सगळीकडं हुडकतोय, आनि ह्यो कारभारी त्याच्यासंगं हुडकू लागतोय, आनि वर त्यालाच म्हनतोय, “सायेब, हितंच असंल, सायकलीला काय पंख फुटत्यात व्हय?” असला मानूस.

बहात्तरच्या दुष्काळात सडकेच्या कामावर खडी फोडता फोडता त्यो बसल्या जागी कलंडला. अंगावरनं वारं गेलं. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलनं बंद. सगळ्या बोलीतला एकच शब्द ऱ्हायला. “मायला.” पानी पायजे तरी मायला, नको तरी मायला. नगरच्या एका दवाखान्यात ठेवलं, मग घरी धाडलं. घरी आल्यापासून त्यो हसला न्हवता.

पैज हीच. कारभाऱ्याला हसवायचं. दिस उगवल्यापासून मावळेपर्यंत त्याच्यापाशी बसायचं, एकट्यानं.

“एकट्यानं म्हंजी एकट्यानं,” अल्लाबक्ष बोट नाचवत म्हनाला. त्याचं चहाचं हॉटेल कारभाऱ्याच्या घराम्होरंच. “न्हाईतर तू गाव गोळा करून तमाशा लावशील. कुनाला हाक मारलीस की हरलास.”

“अल्लाभाई, तुमी चहात दूध घालायचं बघा. हसवायचं काम माझं.”

सांजच्याला मी दुकानात ट्यूब घासत बसलेलो, तर राहीबाई दारात. कारभाऱ्याची बायको. पदर कमरेला, डोळं खोल गेलेलं. मला वाटलं आता शिव्या खातोय. नवरा बाजंवर पडलाय आनि ही टवाळ पैजा लावत्यात.

“भावजी, पैज लावली म्हनं तुमी.”

“वहिनी, त्ये आपलं गमतीनं...”

“कवा बसनार?”

“उद्या.”

“दिसभर?”

“दिसभर.”

“मग मी सकाळच्या यष्टीनं नगरला जाऊन येते.” एवढं बोलली आनि खालीच बसली. “आवं, वास येतोय त्यांच्या अंगाचा. रोज पुसते, तरी येतोय. आनि अंग तापतंय. पाठीखालनं येतोय बघा वास. पन बघू कशी? दवाखान्यातनं निघताना डाक्टर म्हनलं हुतं, हलवू नका. तवापास्नं म्या हलवलं न्हाई त्यांना. इतकुसं बी न्हाई.”

“मग डाक्टरला इचारायचं.”

“तेच तर. कशी जाऊ? सगळं गाव खडीवर. तुमची साळूबाई येती, भाकरी ठेवती, पळती. तिला बी हजरी हाय. एकट्याला टाकून जाऊ का?”

मी ट्यूब खाली ठेवली. हसवायची सगळी तयारी डोक्यात हुती, ती तिथंच इस्कटली.

सकाळी तिनं मला घर ताब्यात दिलं. दार आतनं लोटायचं, उघडायचं न्हाई. खिडकीत पोतं कोंबलेलं, त्ये काढायचं न्हाई. अंगावरनं वारं गेलेल्या मानसाला पुन्यांदा वारं लागलं की खेळ खलास, असं सगळी म्हातारी मानसं सांगून गेल्ती. अंगाखाली घोंगडी, अंगावर घोंगडी. दुपारी पातळ आंबील भरवायची. “चमच्यानं, पडल्या पडल्या. मान बी उचलू नका.” दारातनं ती पुन्हा माघारी आली. “भावजी, हलवू नका बरं का.” मग यष्टीचा भोंगा वाजला तशी पळाली.

दार लोटलं आनि मी आत ऱ्हायलो.

बाहेर उन्हाळा पेटलेला आनि आत त्या बंद खोलीत भट्टी. डोळ्यांना दिसायला येळ लागला. मग दिसला कारभारी. बाजंवर उताना, घोंगडी गळ्यापर्यंत. दाढी वाढलेली. डावा डोळा माझ्यावर. उजवा अर्धा मिटलेला. आनि वास. मेलेली घूस भितीत असावी तसला. मी रोज दुकान बंद करून येत हुतो, दारातनं दोन गोष्टी सांगत हुतो. दारातनं ह्यो वास येत न्हवता.

“काय पाव्हनं,” मी म्हनलं, “लगीन हाय का, घोंगडी पांघरून बसलाय त्ये?”

“मायला,” कारभारी म्हनाला. हळू. घशातनं.

मी सुरू केलं. तलाठ्याची चाल काढली. ग्रामसेवकाचं शिंकनं केलं. सडकेवरच्या मुकादमानं मजुरांना वाटायच्या सुकडीचा डबा चोरून खाताना ठसका लागला, त्ये केलं. डोक्यावर घागर पालथी घालून नवरदेव झालो. आपलं आपल्याला इतकं हसू येई की पोट दुखावं. पन त्या खोलीत आवाज घुमून माघारी येई आनि माझा मलाच परका वाटं. कारभाऱ्याच्या डाव्या डोळ्यातनं पानी येत हुतं. त्ये हसन्याचं न्हवतं. कपाळाला हात लावला तर तापलेला तवा. मी पुसलं. माशी बसली, हाकलली. पुन्हा बसली. त्याला डावा हात हुता, पन त्यो बी ह्या बाईनं घोंगडीत गुंडाळलेला, वारं लागू ने म्हनून.

मी त्यो हात बाहेर काढला. राहीबाईचा एवढा एक नेम मी मोडला. त्यानं लगेच माझं मनगट धरलं. धरलं त्ये सोडंना.

दुपारी आंबील घेतली. चमचा तोंडाशी नेला. निम्मी आत, निम्मी गालावरनं मानंत. पुसायचं, पुन्हा चमचा. गिळताना त्याचा कंठ वर चढं आनि मधीच अडकं. दर चमच्याला मी श्वास धरून बसायचो. एका वाटीला किती येळ लागावा? राहीबाई हे रोज, दिसातनं कितींदा करत असंल, माझ्या मनात आलं. आनि तिला ह्ये कुनी शिकवलं असंल?

मग मला तलाठ्याची सायकल आठवली.

“कारभारी,” मी तलाठ्याच्या नाकातल्या आवाजात म्हनलं, “माझी सायकल बघितलीस का रं?”

त्याचा डावा डोळा हालला.

“हितंच ठेवली हुती. सायकलीला काय पंख फुटत्यात व्हय?”

आनि डावा गाल थरथरला. मी बगितलं! तोंडाचा डावा कोपरा इतकुसा वर गेला. माझ्या अंगात वीज शिरली. जिंकलो! एक चमचा तोंडात घातला आनि वर पिंपळाकडं बघावं तसा आढ्याकडं बघत म्हनलं, “आयला, ही तर झाडाला लागलीय!”

त्याच्या छातीत हसू आलं. मी ऐकलं, आलं. आनि तोंडात आंबील हुती.

ठसका बी पुरा आला न्हाई. नुसता घरघर आवाज, मग तोबी न्हाई. डोळं बाहेर. तोंड लाल झालं, मग वांग्यावानी काळं. डावा हात माझ्या सदऱ्याला. छाती हालतीय आनि आत काय जात न्हाई.

हलवू नका.

माझं दोनी हात हवेत. उचलावं तर मारंन, न्हाई उचललं तर मरंल. खोड्या काढायला शंभर अकला असत्यात मानसाला, हितं एक सापडंना.

“अल्लाभाई!” मी वरडलो. “अल्लाभाई, पळा!”

आनि वरडता वरडताच हात घातला. कारभाऱ्याच्या बगलंत हात घालून त्याला उठवला. काय वजन त्येचं! मेलेल्या बाजूकडं पोत्यावानी कलला, तसा माझ्या मांडीवर पालथा घेतला, तोंड खाली, आनि पाठीत बुक्क्या. एक. दोन. “सोड रं, सोड, मायझ्या, सोड!” कायबी बोलत हुतो. आंबील पडली जमिनीवर. मग त्यानं श्वास घेतला. असला आवाज, जसा फाटक्या ट्यूबमधी पंपाचा पयला झटका बसावा.

दार धाडकन उघडलं. अल्लाबक्ष, हातात चहाची गाळनी तशीच. “काय झालं? मच्छ्या, हलवलास का काय?”

“जात हुता...”

“आता?”

“आता घेतोय. श्वास घेतोय.”

अल्लाबक्ष म्होरं आला आनि थांबला.  कारभारी माझ्या मांडीवर पालथा, सदरा वर सरकलेला. अल्लाबक्ष पाठीकडं बघत हुता. मी मान वळवली.

माकडहाडावर तळहाताएवढी जखम. कडंला लाल, मधी काळी. घोंगडीचं केस तिला चिकटलेलं. सुतळीच्या बाजंचं वळ कातड्यात उतरलेलं.

“या अल्ला,” त्यो हळूच म्हनाला. “ह्याच्यावर झोपलाय ह्यो?”

 त्या बाईनं डोळ्यात तेल घालून राखला हुता त्याला. वाऱ्याची झुळूक लागू दिली न्हाई. सांगितलं त्ये सगळं केलं हुतं. आनि ह्ये झालं हुतं.

“पुन्यांदा उताना टाकायचा का?” अल्लाबक्षनं इचारलं.

“ह्याच्यावर?”

“डाक्टर म्हनलं हुतं ना.”

“मग तुमी टाका. माझं हात धजायचं न्हाईत.”

त्यो बी हालला न्हाई. शेवटाला आमी त्याला कुशीवर घेतला आनि त्याची पाठ माझ्या मांडीला टेकवून मी बाजंवर बसलो. असा बसलो की हालायचं न्हाई. अल्लाबक्षनं दार उघडंच ठेवलं, खिडकीतलं पोतं बी ओढून काढलं.

“वारं लागंल,” मी म्हनलं.

“लागायचं त्ये लागून गेलंय,” त्यो म्हनाला. “श्वास तर घेऊ दे त्याला.”

मग वाट बघनं. कारभाऱ्याच्या छातीत घुरघुर वाजत हुती. मी प्रत्येक श्वास ऐकत हुतो. एखादा लांबला की अल्लाबक्ष दारातनं आत बघायचा. हॉटेल त्यानं तसंच टाकलेलं, शेगडीवर दूध उतू जाऊन जळल्याचा वास येत हुता. दुपारची यष्टी आली, तिच्यात राहीबाई न्हवती. माझा पाय मुंग्या येऊन मेला. मला एकच भ्या. ती येईल, बघंल, म्हनंल, माझ्या मानसाला मारलंत तुमी. आनि काय म्हनून म्या न्हाई म्हनायचं?

सांजची यष्टी आली. आनि राहीबाई दारात.

“दार कुनी उघडलं?”

 ती आत आली. नवऱ्याकडं बगितलं, माझ्याकडं बगितलं.

“हलवलं?”

“वहिनी, ठसका लागला. जात हुता. मी... पाठीला लई मोठी जखम हाय, वहिनी.”

ती उंबऱ्यावर बसली. वाटलं आता हंबरडा फोडती. पन ती आमच्याकडं बघत ऱ्हायली, आनि मग कोरड्या आवाजात म्हनली, “नर्सबाई हेच म्हनली.”

“काय?”

“म्हनली, बाई, कुशीवर न्हाई का केलंत? म्या म्हनलं, हलवू नका म्हनला हुता तुमी. ती म्हनली, अगं, त्ये घरी न्यायपुरतं. बैलगाडीत हिसकं बसू ने म्हनून. घरी गेल्यावर सारखी कूस बदलायची, उठवून बसवून भरवायचं. म्या म्हनलं, मला कुनी सांगितलं न्हाई. ती म्हनली, त्यांच्यापाशी कोन हुतं? म्या म्हनलं, मीच. म्हनली, मग सांगितलं असंल. म्या म्हनलं, बाई, मला सगळ्यांनी इचारलं. काय खातो, कवा पडला, किती पोरं. सांगितलं कुनीच न्हाई.”

अल्लाबक्षनं तिच्याम्होरं पान्याचा तांब्या ठिवला.

“मग ती बाई उठली,” राहीबाई म्हनली. “भली बाई. रिकामी खाट हुती, म्हनली झोपा हिच्यावर. म्या कशी झोपू? म्हनली झोपा. आनि मला वळवून दावलं. एक हात खांद्याला, एक हात ढुंगनाला, गुडघा वाकवायचा आनि आपल्याकडं वढायचं. जनू लेकरू वळवावं.” ती थांबली. “म्या दमलेली हुते भावजी. त्या खाटंवर एवढं बरं वाटलं, वाटलं थोडा येळ असंच ऱ्हावं.”

मग तिनं पदर खोचला. “उठा. आता तुमी झोपा जमिनीवर.”

“मी?”

“न्हाईतर शिकनार कसं?”

तर त्या सांजंला मी जमिनीवर आडवा. राहीबाईनं मला वळवला. मग मी अल्लाबक्षला वळवला, त्याचं पोट आड आलं. मग अल्लाबक्षनं मला वळवला, आनि पार भितीवर आपटला. “अरे गुडघा वाकव आदी!” “तुझा गुडघा वाकतोय का, लाकडा!” कारभारी बाजंवर कुशीवर पडून एका डोळ्यानं आमचा तमाशा बघत हुता. हसला न्हाई. पन बघत हुता.

ताप मातूर उतरंना. नर्सबाईनं पूड दिल्ती, गोळ्या दिल्त्या. पानी उकळून मीठ घालून राहीबाई जखम धुवायची, तवा कारभारी “मायला मायला” असा कन्हायचा की रस्त्यावरची मानसं थांबायची. नर्सबाईनं रबरी चकती सांगितली हुती, हवेची, जखम टेकू ने म्हनून. हितं कुठली चकती? मी पोराच्या सायकलची ट्यूब घेतली, निम्मी हवा भरली, जुन्या लुगड्यात गुंडाळली. बसली बरोबर.

पन चकती काय, पूड काय, वळवायला मानूस पायजे. दिसभर, रातभर. राहीबाई एकली किती वळवनार? मग मी माझा धंदा केला. गावात दवंडी पिटल्यावानी सांगत सुटलो. पैज उघडी हाय! जो कारभाऱ्याला हसवंल त्याचं पंक्चर वर्षभर फुकट. तिकीट एकच. आत जायच्या आदी राहीबाईकडनं शिकायचं, आनि आत गेल्यावर कारभाऱ्याची कूस बदलायची. मगच काय माकडचेष्टा करायच्या त्या करा.

आन् लोकं आली की! खडीवरनं माघारी येताना बाया यायच्या. माझी बायको साळूबाई रोज, हात धुवून, “सरका, माझी पाळी.” गोरक्षनाथ येऊन दाढी करून गेला आनि सोताच्याच बायकोची नक्कल करून गेला. दोन म्हाताऱ्या भांडल्या, आधी मी आले म्हनून. तिच्यायला, कुनी हसवलं न्हाई, पन कूस काय बदलायची ऱ्हायली न्हाई. राहीबाई दारात बसून एकेकाला दावायची, “गुडघा, आदी गुडघा.” एकदा तशीच बसल्या बसल्या झोपली. कुनी उठवलं न्हाई.

तरी ताप हुताच. अल्लाबक्ष मला पैजंचं नाव काढंना. मी बी काढंना. असल्या येळी कोन काढतंय?

मग एका सकाळी साळूबाई पळत दुकानात आली. माझ्या हातातनं पंप पडला. तिचं तोंड बघून मला काय बी समजंना.

“आवं, अंग गार हाय त्यांचं,” ती म्हनली.

मी खाली बसलो.

“आवं, मेलं न्हाई वो! ताप उतरलाय! आंबील प्याले बसून!”

तिच्यायला, असं सांगत्यात व्हय?

बाजाराच्या दिवशी अल्लाबक्ष दुकानाम्होरं उभा. “चला, मिशीवालं.”

“आता? आता कशाला? इसरले की लोकं.”

“हाक मारलीस का न्हाई? दिस मावळायच्या आत?”

“मारली.”

“मग हरलास. चल.”

राहीबाई दारातच हुती. “त्यांना बी न्या,” म्हनली. गावात पाठ टेकायची खुर्ची एकच, गोरक्षनाथाची. तीत ट्यूब ठिवली, आनि कारभाऱ्याला बसवला, मागं वाकळ, बगलंला उशी. चौघांनी खुर्ची उचलली. घरी आल्यापासनं पयल्यांदा त्यो उन्हात आला. डोळं बारीक करून बाजार बघत हुता. मेथी न्हवती, कांदा न्हवता, दुष्काळी बाजार त्यो, चार पोती रेशनची मिलो जवारी आनि जुनी भांडी. पन मानसं सगळी आली.

मला रॉकेलच्या डब्यावर बसवलं, कारभाऱ्याच्या समोर. गोरक्षनाथ वस्तरा घासत म्हनाला, “कोनती बाजू?”

“डावी!” “उजवी!” गर्दीत भांडान लागलं.

“कारभाऱ्याला इचारा,” मी म्हनलं. “निवाडा त्याचा.”

 कारभारी माझ्याकडं बघत ऱ्हायला. मग त्यानं डावा हात उचलला. सावकाश, थरथरत, आनि त्यो हात स्वतःच्या तोंडावर नेला, उजव्या बाजूला, मेलेल्या बाजूला, जिथली मिशी ओठासंगं खाली लोंबत हुती. तिथं बोट ठिवलं.

“उजवी,” गोरक्षनाथ म्हनाला.

साबन लावला. थंड वस्तरा फिरला. वीस वर्साची मिशी माझ्या मांडीवर पडली. गर्दी शिट्ट्या वाजवीत हुती. मी उरलेल्या टोकाला पीळ भरला आनि कारभाऱ्याकडं तोंड केलं. तलाठ्याच्या नाकातल्या आवाजात म्हनलं, “काय रं, माझी मिशी बघितलीस का?”

डावा गाल थरथरला. वर गेला. आनखी वर गेला.

“मायला!” कारभारी म्हनाला, आनि फुटला. असं अर्ध्या तोंडाचं, खरवडल्यावानी, पार पोटातनं आलेलं हसू. सगळा बाजार वळून बघाया लागला. राहीबाई मातूर एका झटक्यात म्होरं झाली, एक हात पाठीला, एक कपाळाला, त्याला जरा पुढं वाकवला, ठसका लागू ने म्हनून. वाकवूनच धरलं आनि हसू दिलं.

“हसला!” अल्लाबक्ष वरडला. “अरे, ह्यो तर जिंकला! मच्छ्या, जिंकलास की रं!”

“आता काय चिकटवू व्हय?” गोरक्षनाथ म्हनाला. मग माझी हनुवटी धरून म्हनाला, “दुसरी बाजू काढू का? असं कसं फिरशील?”

कारभारी अजून हसत हुता. राहीबाईच्या हातावर.

“ऱ्हाऊ दे,” मी म्हनलं. “ह्यो हसतोय तवर ऱ्हाऊ दे.”